वरच्या मजल्यावरच्या दोन जागा

लोरेनला विमानाची भीती वाटते, ही अफवा गोलबर्न गावात मी उठवली.

लोरेन माझी बायको. तिला विमानाची भीती वाटत नाही. तिला कशाचीच भीती वाटत नाही. मागे एकदा परसात तपकिरी साप निघाला, तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभा राहून नगरपालिकेला फोन लावत होतो आणि लोरेन हातात झाडू घेऊन, "चल बाबा, निघ आता, तुला दुसरी कामं नाहीत का," असं म्हणत त्या सापाला कुंपणाबाहेर वाटेला लावत होती. भीती मला वाटते. विमानाची तर वाटतेच, पण शिडीच्या तिसऱ्या पायरीच्या वर जे जे काही आहे त्या सगळ्याचीच वाटते. आणि दैवाची थट्टा बघा, माझी अख्खी नोकरी नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात झाली. लोकांना घरावर वरचा मजला चढवायची परवानगी देणं हे माझं काम. पाहणीला जायचो तेव्हा मी खाली उभा राहायचो, घरमालकाला वर पाठवायचो आणि ओरडून विचारायचो, "कसं काय आहे?" तो वरून ओरडायचा, "झकास!" मी शिक्का मारायचो. माझ्या कारकिर्दीत एकही मजला कोसळला नाही, हे मी कुणीही न विचारता सांगत असतो.

ही भीती मी आयुष्यभर बेमालूम लपवली होती, अशी माझी समजूत होती. लोरेनची बहीण देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला असते. लोरेन तिच्याकडे विमानाने जाते आणि मी रेल्वेने जातो. रेल्वेला तीन दिवस लागतात. "मला देखावा बघायला आवडतो," असं मी सांगतो. लोरेनचं म्हणणं, त्या नलारबॉरच्या सपाट मैदानात देखावा एकच आहे आणि तो पहिल्या तासात बघून होतो.

तर गेल्या वर्षी आमच्या मुलीचा, किर्स्टीचा, इंग्लंडहून फोन आला. ती लीड्सला असते. तिला दिवस गेले होते. लोरेनने फोन ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "आपण जातोय." या वाक्यात विचारण्याचा सूर कुठेही नव्हता. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला रेल्वे जात नाही. मी चौकशी केली होती. जहाजाचीही केली. जहाज मधेमधे इतक्या ठिकाणी थांबत होतं की आम्ही पोचेपर्यंत बाळ शाळेत जायला लागलं असतं.

मग एका सकाळी मी चहाचा कप घेऊन बसून शांत डोक्याने विचार केला. जायचं तर होतंच. नातवंड पहिलं होतं आणि मलाही ते मांडीवर घ्यायचं होतं. विमान आभाळात चढत असताना मी जिवंत राहीन असा एकच मार्ग मला दिसत होता, तो म्हणजे लोरेनचा हात धरून बसणे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने एकाएकी हात धरला तर कुठलीही बायको संशयाने बघेल हे खरं, पण ते मी निभावून नेलं असतं. प्रश्न होता परक्या माणसांचा. आमच्याकडे साठी उलटलेला पुरुष बायकोचा हात धरून डोळे घट्ट मिटून बसलेला दिसला, तर ती गोष्ट आम्ही परत यायच्या आधी गावात पोचली असती. म्हणजे मला अशा दोन जागा हव्या होत्या, जिथे शेजारी तिसरं माणूस नसेल.

आता शेजारी रॉस. रॉस मॅकिनर्नी टायरचं दुकान चालवतो, आणि एकदाच, फक्त एकदाच, दुमजली विमानात बसून लॉस एंजेलिसला जाऊन आलेला आहे. तेव्हापासून जगातला कुठलाही विषय काढा, रॉस त्या विमानात जाऊन उतरतो. पाऊस पडला नाही म्हणालात, तरी तो म्हणतो, "ढगांच्या वर गेलास की कळतं." त्या दिवशी पहिल्यांदाच मी आपणहून कुंपणाशी गेलो आणि विमानाचा विषय काढला. रॉसच्या हातातली बागेची नळी तशीच वाहत राहिली.

"वरचा मजला!" तो म्हणाला. "क्लाइव्ह, मित्रा, खाली बसलास तर तुझ्याशी बोलणार नाही मी. खाली काय? खिडकीकडे तीन जागा, मधे चार, परत तीन. गोठा नुसता! वर मात्र खिडकीशी दोनच. आणि खिडकी आणि खुर्ची यांच्या मधे छोटी पेटी असते, झाकणाची. तीत पुस्तक ठेव, चपला ठेव, जेवणातलं चीज ठेव."

"दोनच? तिसरा कुणी नाही?"

"तिसरा कशाला पाहिजे तुला?"

"नकोच आहे. म्हणून तर विचारतोय."

रॉसने डोळे बारीक केले. "अचानक एवढी काय रे एकांताची हौस?"

आणि इथे माझी जीभ घसरली. "लोरेन," मी इकडेतिकडे बघत म्हणालो, "तिला जरा... विमानाचं... घाबरते ती."

रॉसचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने नळी बंद केली. "मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने सांगायला सुरुवात केली.

लोरेन पर्थला विमानाने जाते हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते कुणालाच आठवलं नाही. दुसऱ्याच दिवशी औषधांच्या दुकानात तिला पोट फुगवून श्वास कसा घ्यायचा ते दाखवण्यात आलं. चर्चच्या बायकांनी आल्याच्या गोळ्या दिल्या. लव्हेंडर भरलेली एक उशी आली. कुणीतरी देवमाशांच्या गाण्यांची तबकडी दिली, ती ऐकून आमचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला आणि जेवायलाही बाहेर येईना. लोरेन सगळ्यांना "किती प्रेमळ आहात हो," म्हणाली आणि सगळं घेऊन घरी आली.

"बेव्ह म्हणत होती, मी विमानाला घाबरते," ती भोपळा चिरता चिरता म्हणाली.

"लोक काय, काहीही बोलतात," मी म्हणालो.

"असं होय." तिने माझ्याकडे बघितलं. अव्होकाडो पिकलाय की नाही हे ती बाजारात ज्या नजरेने बघते, त्या नजरेने. मग पुन्हा भोपळा चिरायला लागली. मला वाटलं, सुटलो.

बेव्ह म्हणजे बेव्ह स्टॅनब्रिज, आमच्या बोल्स क्लबची सचिव. हिरवळीवर जड गोळे घरंगळवायचे आणि मग आत बसून बिअर प्यायची, असा आमचा खेळ. पहिला भाग ऐच्छिक असतो. या क्लबात भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे करायचं असलं तरी ठराव मांडावा लागतो, त्याला अनुमोदक लागतो, आणि घड्याळावर बोलायला निदान चौघं उठतात. मासिक सभेत हिरवळीच्या पाण्याचा विषय संपला आणि बेव्हने चष्मा नाकावर ढकलला.

"पुढचा विषय. लोरेनची जागा."

मला वाटलं, लोरेनला खजिनदार करतायत. पण नाही. क्लबची एक ज्येष्ठ सभासद जगाच्या दुसऱ्या टोकाला जीव मुठीत धरून निघाली आहे, तर तिला विमानात सर्वोत्तम जागा मिळावी ही क्लबची जबाबदारी आहे, असा ठराव रॉसने मांडला आणि लोरेनने स्वतःच अनुमोदन दिलं. मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिने शांतपणे हात वर केला होता आणि दुसऱ्या हाताने ती शेंगदाणे खात होती.

मग दोन तट पडले. रॉसचा तट म्हणे, शेपटाकडची जागा नको, तिथे विमान जास्त हलतं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, पंखाजवळ बसा, हलणं कमी. "पण मग खिडकीतून नुसता पंखच दिसतो," कुणीतरी म्हणालं. "घाबरणाऱ्या बाईला आणखी काय दाखवायचंय?" हा प्रश्न टाळ्या घेऊन गेला. जिन्याजवळची जागा नको, लोक सारखे चढउतार करतात. स्वच्छतागृहाजवळची तर मुळीच नको. पहिल्या रांगेत पाय लांब करता येतात पण तिथे तान्ही मुलं ठेवतात. ज्यांनी सिडनीपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, ते सगळ्यांत ठाम होते. शेवटी एक उपसमिती नेमली. उपसमितीने पहिल्याच बैठकीत रंगीत तालीम घ्यायची ठरवली.

ही तालीम शुक्रवारी संध्याकाळी, मांसाची सोडत झाल्यावर झाली. दर शुक्रवारी क्लबात मटणाचे आणि सॉसेजचे ट्रे सोडतीत लावतात, त्यामुळे गर्दी असतेच. खुर्च्या विमानासारख्या मांडल्या होत्या, दोन, मग वाट, मग चार, मग वाट, पुन्हा दोन. खिडकीशेजारच्या पेटीच्या जागी बिअरची बर्फपेटी ठेवली होती. लोरेन खिडकीशी बसली, म्हणजे बर्फपेटीशी, आणि बाळाची टोपी विणायला लागली. मी तिच्याशेजारी. बेव्ह सोडतीच्या ध्वनिक्षेपकावरून वैमानिक झाली.

"प्रवाशांना नमस्कार. पट्टे बांधा. आणि हिरव्या तिकिटाचा छत्तीस नंबर कुणाचा आहे, त्यांनी आपली सॉसेज न्यावीत, पाणी सुटतंय."

"आधी क्लाइव्हची खुर्ची हलवतो," रॉस माझ्या पाठीमागून म्हणाला. "म्हणजे लोरेनला बघून धीर येईल."

"हे बघ रॉस, याची काही गरज..." एवढंच मी बोललो असेन. टायरवाल्याच्या हातात काय ताकद असते याची तुम्हाला कल्पना नाही. त्याने माझी खुर्ची मागच्या दोन पायांवर उचलली आणि गदगदा हलवली. बेव्हने ध्वनिक्षेपकात "घूंऽऽ" असा आवाज काढला. माझे पाय जमिनीवरून सुटले, आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी बर्फपेटीला मिठी मारून जमिनीवर बसलो होतो आणि माझ्या तोंडावर कुणीतरी गार बिअर शिंपडत होतं.

"बिचारा," बेव्ह हळहळली. "बायकोच्या काळजीने पार खचलाय."

"जीव आहे हो त्याचा तिच्यावर," मागून कुणीतरी म्हणालं. रॉसने त्या दिवशी सोडतीत जिंकलेला चॉप्सचा ट्रे आणून माझ्या मांडीवर ठेवला. त्याचेही डोळे पाणावले होते. लोरेनने टोपीचा टाका पुरा केला आणि मला हात देऊन उठवलं.

घरी जाताना गाडी तीच चालवत होती. "क्लाइव्ह, मला काही सांगायचंय का तुला?"

"छे! काय सांगायचं?"

"बरं." तिने गाडी आमच्या रस्त्याला वळवली आणि म्हणाली, "मला एक सांगायचंय. खिडकी माझी. पर्थच्या विमानात दर वेळी मधली जागा आली नशिबी. सिडनी हार्बर वरून कसा दिसतो ते मला एकदा बघायचंय."

"खिडकी तुझीच," मी म्हणालो. मला खिडकी कुणी बक्षीस दिली असती तरी नको होती.

उपसमितीच्या आशीर्वादाने मी संगणकावर वरच्या मजल्यावरच्या दोन जागा निवडल्या. मागचा छोटा कक्ष, जिन्यापासून लांब, स्वच्छतागृहापासून त्याहून लांब, पंख दिसेल न दिसेल अशा बेताच्या. उपसमितीने ठराव करून माझं अभिनंदन केलं. आणि महिन्याभराने विमान कंपनीचा निरोप आला, की मधे काही कारणाने दुसरं विमान ठरलं होतं, आता पुन्हा पहिलंच आणलं आहे, आणि या बदलाबदलीत आमच्या जागा नव्याने दिल्या आहेत. लोरेन वर पुढे. मी खाली मागे. आमच्या मधे एक अख्खा मजला आणि शेकडो माणसं.

मी फोन लावला. आसन विभागाने मला बदल विभागाकडे पाठवलं. बदल विभाग म्हणाला, हे आरक्षण विभागाचं काम. आरक्षण विभागाने बराच वेळ सतारीसारखं काहीतरी ऐकवून पुन्हा आसन विभाग जोडून दिला. मी नगरपालिकेत आयुष्य काढलेला माणूस. ही पद्धत मला घरच्यासारखी वाटली. राग यायच्या ऐवजी कौतुकच वाटलं, इतकं सफाईने चाललं होतं. शेवटी एक गोड आवाजाची मुलगी भेटली.

"दोघांना शेजारीच बसायचं, असं काही खास कारण आहे का?"

लोरेन शेजारच्याच खोलीत इस्त्री करत होती. मी आवाज खाली आणला. "बायको घाबरते."

"जरा मोठ्याने बोलता का?"

"बायको घाबरते!"

"कुणाची बायको?" इस्त्रीच्या खोलीतून आवाज आला.

"सगळ्यांचीच," मी म्हणालो. पलीकडची मुलगी खुदकन हसली, आणि त्या हसण्याच्या भरात असेल, तिने वरच्या मजल्यावरच्या, खिडकीशेजारच्या, तिसरं माणूस नसलेल्या दोन जागा आमच्या नावावर टाकल्या. जुन्या जागांच्याही दोन रांगा पुढे. मी फोन ठेवला आणि कुत्र्याला उचलून नाचलो.

निघायच्या दिवशी रॉसने आम्हाला सिडनीला विमानतळावर सोडलं. वाटभर तो लोरेनला समजावत होता, "घाबरायचं नाही. तू काहीही करायचं नाहीस. सगळं वैमानिक करतो." लोरेन मागच्या आरशात माझ्याकडे बघून मान हलवत होती. काचेतून ते विमान दिसलं आणि मी थांबलो. इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगतो, त्या दोन मजल्यांना पाया नव्हता. आमच्या खात्याने परवानगी दिली नसती.

पण वर जाऊन बसलो आणि खरंच सांगतो, सुख वाटलं. रॉस म्हणाला तसंच होतं सगळं. लोरेन खिडकीशी, तिच्याशेजारी झाकणाची पेटी, मग मी, मग वाट. लोरेनने पेटीत विणकाम ठेवलं, पुस्तक ठेवलं, आल्याच्या गोळ्या ठेवल्या, आणि खिडकीला नाक लावलं. मी पट्टा बांधला, आणखी आवळला, आणि मनातल्या मनात तालीम केली. विमान धावायला लागलं की हात पुढे करायचा, "थंडी वाजतेय का गं?" असं विचारायचं आणि धरायचा.

तेवढ्यात वाटेत एक दांडगा तरुण येऊन उभा राहिला. उन्हाने कान लाल झालेले, हातात टोपी, बहुधा पश्चिमेकडच्या कुठल्यातरी मेंढवाडीतला. "मित्रा," तो म्हणाला, "माझी म्हातारी आई आहे. तिची जागा खाली आली, माझी ही इथे पलीकडे. ती तुझ्या जागेवर आली असती तर..."

"त्यात काय, मित्रा!" मी म्हणालो.

आता हे काय झालं ते नीट सांगितलं पाहिजे. आमच्याकडे कुणी काही मागितलं की उत्तर आधी देतात आणि प्रश्न नंतर ऐकतात. हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. तुमचं शिडीशिवाय चालणार नसतं, गळणारं छप्पर अर्धं उघडं असतं, आणि शेजारी कुंपणावरून म्हणतो, "शिडी मिळेल का?" तुम्ही शिडीवरून उतरता, "त्यात काय!" म्हणता आणि शिडी देता. नाही म्हणणारा माणूस आमच्यात असेलही, पण त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्यामुळे "त्यात काय" हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले तेव्हा मी तिथे नव्हतोच, असं समजा. मी परत आलो तोवर तो तरुण माझा हात जोरजोराने हलवत होता.

"देवमाणूस आहेस तू," तो म्हणाला.

मी लोरेनकडे बघितलं. लोरेनने माझ्याकडे बघितलं. "जा आता," ती म्हणाली.

पाठीमागचा गोल जिना उतरून मी खाली गेलो. म्हातारीची जागा खिडकीकडच्या तिघांत कडेची होती. वाईट नव्हती. मी पट्टा बांधतो न बांधतो तोच आतल्या बाजूच्या मुलीने मला हळूच विचारलं, की आमचं परवाच लग्न झालं, माझा नवरा मधल्या रांगेत अडकलाय, तर काका... "त्यात काय!" मी म्हणालो. नवऱ्याने मला मिठी मारली. त्याच्या जागेवर पोचलो तर शेजारी एक नौकानयनाचा खेळाडू, गुडघे हनुवटीला लागलेले. मला मिळालेली जागा वाटेकडची, त्याची आतली. त्याने फक्त माझ्या पायांसमोरच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. तोंड उघडलंही नाही त्याने. "त्यात काय!" मी म्हणालो. मग आणखी एक बाई आल्या, त्यांच्या मुलाला उलट्या होतात आणि त्यांना त्याच्याजवळ राहायचं होतं. दर वेळी कुणीतरी मला देवमाणूस म्हणालं, आणि दर वेळी मी एकेक पाऊल मागे गेलो. उपसमितीने नको नको म्हणून सांगितलेल्या सगळ्या जागा मी एकेक करून बघितल्या.

शेवटी मागे जायला विमानच उरलं नाही. अगदी शेवटची रांग, मधल्या चारांतली आतली जागा. पाठ भिंतीला, खुर्ची मागे कलत नाही. एका हाताला जिना, एका हाताला स्वच्छतागृह, आणि तिथे आत्तापासूनच रांग. माझ्या डावीकडे मान-उशी घातलेला एक जाडजूड गृहस्थ, उजवीकडे शब्दकोडं सोडवणाऱ्या एक बाई. दिलेली जागा परत मागणं ही गोष्ट आमच्याकडे माणूस मेला तरी करत नाही. मी मरणारच होतो, त्यामुळे तो प्रश्न मिटला होता. दारं लावल्याचा आवाज आला. तळहाताला घाम फुटला. समोरच्या खुर्चीची पाठ जवळ यायला लागली. मी खुर्चीचा हात धरायला गेलो तर तो त्या गृहस्थाचा निघाला.

"अहो!" तो म्हणाला.

"माफ करा," मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

त्याच वेळी जिन्यावरून पावलं वाजली आणि लोरेन खाली आली. हातात विणकामाची पिशवी होती. हवाई सुंदरी तिच्यामागून, "बाई, कृपा करून जागेवर बसा," म्हणत येत होती. लोरेनने सगळ्या रांगांवरून नजर फिरवली, मला शोधलं आणि सरळ त्या जाडजूड गृहस्थासमोर येऊन उभी राहिली. मग आयुष्यात कधी आवाज न चढवणाऱ्या माझ्या बायकोने अशा आवाजात सांगितलं, की पुढच्या सहा रांगांनी माना वळवल्या.

"माफ करा हं, हा माझा नवरा. मला विमानाची भयंकर भीती वाटते. हा शेजारी नसला तर मला श्वासच घेता येत नाही. वर माझी जागा आहे, खिडकीची. शेजारी दुसरं कुणी नाही, एक म्हातारी बाई आहे ती झोपलीय. सामान ठेवायला पेटी आहे. तुम्ही वर गेलात तर माझ्यावर फार मोठे उपकार होतील."

"त्यात काय, बाई!" तो गृहस्थ म्हणाला. तिचं वाक्य संपायच्या आत तो मान-उशीसकट जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होता.

लोरेन बसली. पट्टा बांधला. हवाई सुंदरीने तिच्या खांद्यावर थोपटलं, "घाबरू नका हं, काही होत नाही," आणि घाईने आपल्या जागेकडे गेली.

"लोरेन," मी पुटपुटलो, "हार्बर... तुझी खिडकी..."

"गप्प बस," ती म्हणाली. "मी घाबरलेय."

आणि तिने माझा हात घेतला. ओला चिंब हात तिने तसाच घेतला, आणि सगळ्यांना दिसेल असा खुर्चीच्या दांडीवर ठेवला. मला त्या क्षणी तिच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं, की भीतीला जागाच उरली नाही असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. भीतीलाही भरपूर जागा होती. दोन्ही एकदम मावत होती एवढंच.

विमान धावायला लागलं. सगळं थडथडायला लागलं, स्वच्छतागृहाचं दार आपोआप उघडलं आणि मिटलं. मी डोळे मिटले, ओठ मिटले, जे जे मिटता येतं ते सगळं मिटलं. मग खालची जमीन सुटली. पोट खाली राहिलं आणि मी वर गेलो.

शब्दकोड्याच्या बाई माझ्यावरून वाकून लोरेनला म्हणाल्या, "पहिलीच वेळ का?"

"नाही हो. दर वेळी असंच होतं मला," लोरेन म्हणाली.

"असा धीराचा नवरा शेजारी असला की किती बरं असतं, नाही?"

"हो ना," लोरेन म्हणाली, आणि माझी नखं जिथे रुतली होती तो हात तिने दुसऱ्या हाताने झाकून घेतला.